शक्तीआधी तिची किंमत : सुपरहिरो रोलप्ले गटाचे नियम आणि पात्र घडवण्याची रीत

आमच्या गटाचा पहिला खेळ २५ मिनिटांत संपला. खलनायकाने धरणाचे दरवाजे उघडल्याचे मी लिहिले आणि पुढच्याच पोस्टमध्ये एका खेळाडूने कळवले की त्याच्या नायकाने काळ मागे फिरवला, खलनायकाला जन्माला येण्याआधीच नाहीसे केले आणि दरवाजेही बंद केले. उरलेल्या नऊ जणांना लिहायला काही राहिले नाही. त्या खेळाडूने नियम मोडला नव्हता, कारण मोडायला नियमच नव्हता; त्याच्या अर्जात ‘शक्ती : सर्व’ असे लिहिलेले असूनही तो मीच मंजूर केला होता. त्यानंतरच्या चार हंगामांत आम्ही जे नियम केले, मोडीत काढले आणि पुन्हा केले, ते आमच्यासारखाच तालुक्याच्या गावांतून आणि खेड्यांतून असा गट चालवू पाहणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडत आहे. आमचे खेळाडू यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, आर्णी आणि घाटंजी या बाजूचे असल्यामुळे उदाहरणेही तिकडचीच आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो आणि त्या पात्राने काय केले, काय म्हटले हे पाळीपाळीने लिहीत सगळे मिळून एक गोष्ट पुढे नेतात. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आला, तेव्हा टेबलावर फासे होते आणि टेबलाच्या एका बाजूला सूत्रधार बसलेला होता. मोबाइलवर टेबल उरले नाही, तरी सूत्रधार लागतोच. तो गोष्टीचा मालक नसतो. जगाचे नियम सांभाळणे, कोणाचेही नसलेले पात्र बोलते करणे आणि अडलेला प्रसंग सोडवणे एवढेच त्याचे काम असते.

पहिली पायरी : गाव आणि पार वेगळे करा

खेळ सुरू करण्यापूर्वी दोन गट उघडावेत. आमच्याकडे एकाचे नाव ‘गाव’ आणि दुसऱ्याचे ‘पार’ आहे. ‘गाव’मध्ये फक्त पात्रे बोलतात. खेळाडूंनी एकमेकांशी बोलायचे ते ‘पारा’वर, म्हणजे आज कोण लिहिणार, कालचा प्रसंग पटला की नाही, उद्या कोणाची परीक्षा आहे, हे सगळे तिथे. ‘गाव’मध्येच तातडीने काही सांगायचे झाले तर ते दुहेरी कंसात लिहावे, म्हणजे हे पात्राचे बोलणे नव्हे हे वाचणाऱ्याला लगेच कळते.

हा भेद आपल्या लोकांना नवा नाही. पोलिसाच्या वेषातला बहुरूपी दारात उभा राहून वॉरंट आणल्याचे दरडावतो, लहान मुले आईच्या मागे लपतात, मोठी माणसे मुद्दाम हात जोडतात, आणि थोड्या वेळाने तोच हसून बक्षिसी मागतो. वेष कोणत्या क्षणी संपला हे दोन्ही बाजूंना उमगलेले असते. लेखी खेळात चेहरा आणि आवाज नसतो, त्यामुळे तो क्षण खुणेनेच दाखवावा लागतो. आमच्या गटातली सर्वांत मोठी भांडणे खलनायकाच्या तोंडचा अपमान एखाद्याने स्वतःला लावून घेतल्यामुळे झालेली आहेत, आणि त्यांतील निम्म्या वेळा लिहिणाऱ्याने तो खरोखरच त्याला उद्देशून लिहिलेला होता. म्हणून पारावरचा राग गावात आणायचा नाही, हा आमचा पहिला लेखी नियम आहे.

कोणत्या ॲपवर खेळावे हा प्रश्न सोयीचा वाटतो, पण तो सुरक्षिततेचाही आहे. व्हॉट्सॲपच्या गटात सर्व सदस्यांना एकमेकांचे मोबाइल क्रमांक दिसतात. ओळखीच्या मित्रांमध्ये त्याने बिघडत नाही, मात्र अनोळखी खेळाडू आणि विशेषतः मुली खेळणार असतील तर टेलिग्रामसारखी क्रमांक लपवता येणारी सोय निवडावी. गट सहा ते दहा जणांचा असावा. पंधराच्या पुढे गेले की निम्मे लोक नुसते वाचत राहतात आणि पाळी यायला दोन दिवस लागतात.

दुसरी पायरी : नकाशा लहान ठेवा आणि उगम एकच ठेवा

नवख्या सूत्रधाराला सगळे जग वाचवायचे असते. तुम्ही एक तालुका वाचवा. खेळाडूला ठाऊक असलेल्या जागेत पात्र फिरले की पोस्टमध्ये आपोआप तपशील येतो: जिनिंगच्या आवारातली कापसाची गंजी, बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांवर वाढलेल्या बाभळी, एसटी स्टँडवरचे पाण्याचे टाके. गाव मात्र काल्पनिक घ्यावे आणि त्याच्या आजूबाजूचा मुलूख खरा ठेवावा, म्हणजे खऱ्या गावातल्या खऱ्या सरपंचाशी कोणी पात्राची तुलना करणार नाही.

शक्तींचा उगम एकच ठेवल्याने सूत्रधाराचे निम्मे काम हलके होते. आमचा उगम लोणारचा आहे. बुलडाणा जिल्ह्यातले हे सरोवर उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात तयार झालेले असून त्याच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि पाणी खारट व अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते पाणी गुलाबी झाले होते. शास्त्र एवढेच सांगते. त्या महिन्यात त्या पाण्याला ज्याचा हात लागला त्याच्यात काहीतरी बदलले, ही आमच्या खेळातली कल्पना. तेव्हा करोनामुळे जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होता. त्यामुळे ‘तुमचे पात्र त्या दिवसांत लोणारला कशासाठी गेले होते?’ हा प्रश्न आम्ही अर्जात सर्वांत आधी विचारतो, आणि त्याच्या उत्तरातून अर्धे पात्र कळते. कोणी पुण्याहून पायी निघालेल्या भावाला आणायला गेला होता, कोणी भाजीची गाडी घेऊन. ‘सहज फिरायला गेलो’ असे लिहिणाऱ्याचा अर्ज आम्ही परत पाठवतो.

याशिवाय दोन गोष्टी सुरुवातीलाच ठरवून टाकाव्यात: लोकांना सुपरहिरो आहेत हे माहीत आहे का, आणि पोलीस त्यांच्याकडे कसे पाहतात. हे मोकळे सोडले तर एका पोस्टमध्ये ठाणेदार नायकाला चहा पाजतो आणि पुढच्या पोस्टमध्ये त्यालाच बेड्या घालतो.

तिसरी पायरी : पात्राचा अर्ज

अर्ज हा या खेळाचा कणा आहे आणि घाई येथेच होते, म्हणून येथे जरा थांबतो. बहुतेक नवे खेळाडू शक्तीपासून सुरुवात करतात, मग पोशाख, मग नाव, आणि शेवटी ‘कमजोरी : नाही’ असे लिहून मोकळे होतात. आमच्या अर्जाचा क्रम याच्या उलटा आहे. आधी पोटापाण्याचे काम, नंतर घरात कोण आहे, त्यानंतर लोणारचा प्रश्न, आणि मगच शक्ती. शक्तीच्या खाली तीन रकाने सक्तीचे आहेत: मर्यादा, किंमत आणि कच्चा दुवा. हे तिन्ही एकच आहेत असे वाटते, पण त्यांत फरक आहे. मर्यादा म्हणजे शक्ती कुठपर्यंत पोचते. किंमत म्हणजे वापरली की काय गमवावे लागते. कच्चा दुवा म्हणजे शत्रूला ठाऊक झाले तर तो कुठे घाव घालेल.

आमच्या गटातला एक अर्ज मी नेहमी नव्या खेळाडूंना दाखवतो. पात्र कंत्राटी लाइनमनचे आहे. त्याचे सुपरहिरोचे नाव ‘डीपी’, कारण गावात ट्रान्सफॉर्मरला सगळे डीपीच म्हणतात. मोबाइलवरच्या फोटोलाही तेच म्हणतात, हा विनोद खेळाडूने पहिल्याच पोस्टमध्ये वापरून संपवला, ते बरे झाले. वय ३१, घरी आई आणि एक बहीण. शक्ती अशी की, तारेतला विद्युतप्रवाह तो अंगात ओढून घेतो आणि दहा पावलांपर्यंत फेकतो. मर्यादा अशी की, त्या फीडरवर, म्हणजे त्या भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर, वीज चालू असली पाहिजे. शेतीच्या फीडरला कधी दिवसा तर कधी रात्री पुरवठा असतो, त्यामुळे वेळापत्रक पाहिल्याशिवाय तो शेतशिवारात लढायला उतरूच शकत नाही. किंमत ही या अर्जातली सर्वांत चांगली ओळ आहे: त्याने जोराने प्रवाह ओढला की गावाचा डीपी जळतो, नवा येईपर्यंत कितीतरी दिवस जातात, आणि तेवढे दिवस ज्यांच्या हरभऱ्याला पाणी मिळत नाही ते लोक त्याच्याच ओळखीचे असतात. कच्चा दुवा असा की, ओल्या काळ्या मातीत उभे राहिल्यास प्रवाह पायातून जमिनीत उतरतो. भीती अशी की, त्याच्या डोळ्यांदेखत खांबावरून पडलेल्या सोबत्याचा चेहरा त्याला अजून दिसतो.

या अर्जात गोष्ट आपोआप तयार होते. गाव वाचवायचे तर गावाचेच पाणी तोडावे लागते, आणि हा पेच सूत्रधाराने वरून लादलेला नाही.

ज्या सुपरहिरोला आज सर्वशक्तिमान समजले जाते, त्यालाही मर्यादा हव्या होत्या. सुपरमॅन १९३८ मध्ये प्रथम छापला गेला तेव्हा त्याला उडता येत नव्हते. तो एका उडीत एक अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे २०० मीटर, जात असे. पुढे त्याची शक्ती वाढत गेली आणि १९४३ मध्ये रेडिओवरच्या मालिकेत त्याला हतबल करणारा क्रिप्टोनाइट आणावा लागला. ज्याला काहीच होऊ शकत नाही त्याच्याविषयी वाचणाऱ्याला काळजी वाटत नाही.

मर्यादा शक्यतो अंकात आणि ओळखीच्या अंतरात लिहून घ्यावी. ‘खूप वेगाने धावतो’ असे लिहिल्यास प्रत्येक पोस्टमध्ये वेग वाढत जातो. त्याऐवजी ‘मूर्तिजापूर ते यवतमाळ हे शकुंतलेच्या मार्गाचे सुमारे ११३ किलोमीटर अंतर तासाभरात कापतो, त्यानंतर तासभर उभाही राहू शकत नाही’ असे लिहिले की पुढे वाद उरत नाही.

दुसरे एक पात्र आशाताईंचे, म्हणजे गावातल्या आशा स्वयंसेविकेचे आहे, नाव ‘चाहूल’. पायातली चप्पल काढून जमिनीवर उभे राहिले की त्यांना दीड किलोमीटरपर्यंतची पावले ऐकू येतात आणि माणूस ओझे घेऊन चालतो आहे की रिकामा, हेही कळते. या खेळाडूने आपली मर्यादा मातीतूनच शोधली. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि तिला हातभर खोल भेगा पडतात. प्रत्येक भेगेपाशी आवाज तुटतो. म्हणजे पावसाळ्यात तिची शक्ती पूर्ण असते, तर मे महिन्यात ती जवळजवळ बहिरी होते. लग्नसराईत डीजे वाजू लागला की तिला घेरी येते. असे अर्ज मंजूर करताना सूत्रधाराला आनंद होतो.

काही शक्ती आम्ही सरसकट नाकारतो. काळ मागे नेणे, मेलेल्याला उठवणे, दुसऱ्याच्या शक्ती हव्या तेव्हा उचलणे आणि दुसऱ्या खेळाडूच्या पात्राच्या मनावर ताबा मिळवणे, या त्या होत. पहिल्या तिन्हींमुळे कोणत्याही घटनेला अर्थ उरत नाही. चौथ्या शक्तीचे कारण वेगळे आहे: तिच्यामुळे एक खेळाडू दुसऱ्याच्या हातातले पात्रच काढून घेतो. मन वाचण्याची परवानगी आम्ही देतो, पण काय वाचले गेले हे ज्याचे मन आहे त्याच खेळाडूने लिहायचे असते. प्रसिद्ध सिनेमा-कॉमिक्समधले नायक जसेच्या तसे आणू नयेत. त्यांचे मालक आहेत हे एक कारण, आणि त्यांचा शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक असतो हे दुसरे.

अर्ज परत पाठवताना ‘चालणार नाही’ एवढेच लिहू नये. कोणता रकाना कच्चा आहे ते सांगावे आणि एक प्रश्न विचारावा. ‘तुमची नायिका अदृश्य होते, मग तिचे कपडे, सावली आणि चिखलातली पावले यांचे काय होते?’ या एका प्रश्नावर आमच्या एका खेळाडूने अख्खे पात्र नव्याने आणि फार चांगले लिहिले.

चौथी पायरी : पोस्ट लिहिण्याची शिस्त

सगळ्या नियमांतला एकच पाळायचा असेल तर हा पाळावा: तुमच्या पोस्टमध्ये तुमच्या पात्राचा प्रयत्न लिहा, त्या प्रयत्नाचे फळ समोरच्याने किंवा सूत्रधाराने लिहायचे. हा नियम मोडण्याला या खेळात गॉडमोडिंग म्हणतात.

जिनिंगच्या आवारात आग लागल्याचा प्रसंग घेऊ. कापसातून आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासून ठिणगी पडते आणि वरून विझलेली दिसणारी आग गंजीच्या आत धुमसत राहते, एवढी माहिती सूत्रधाराने आधीच दिलेली होती. समोर ‘नवतपा’ नावाचा आमचा खलनायक होता. एका नव्या खेळाडूने लिहिले होते: ‘डीपीने वीज सोडली. नवतपा जागच्या जागी जळून राख झाला. चाहूलने डीपीचे आभार मानले आणि सगळे घरी गेले.’ तीन वाक्यांत तीन चुका आहेत. घाव बसला की नाही हे त्यानेच ठरवले, दुसऱ्याच्या नायिकेच्या तोंडी शब्द घातले आणि प्रसंगही परस्पर मिटवून टाकला.

पारावर चर्चा झाल्यावर त्याने तीच पोस्ट अशी लिहिली: ‘डीपीने गेटाजवळच्या खांबावर हात ठेवला. गावातले पंखे आता मंदावले असतील, हे त्याला न पाहताही कळले. “ताई, सरका तिथून, मी करंट ओढून राहिलो!” तो ओरडला आणि गंजीपलीकडच्या लाल सावलीच्या दिशेने त्याने दोन्ही मुठी पुढे केल्या. त्याचा उजवा पाय गळक्या पाइपाच्या पाण्यात आहे, हे त्याच्या ध्यानात आलेले नव्हते.’

त्यावर चाहूलच्या खेळाडूने लिहिले: ‘तिने चप्पल भिरकावली. पायाखालून दोन जणांची धाव ऐकू आली, एक जड, एक हलकी आणि अनवाणी. “थांब न बावा! अंदर पोट्टं हाये!”’

आता झोत सोडायचा की रोखायचा, आणि ओल्या पायाचे काय, हे प्रश्न पुढच्या पाळीवर आले. पहिल्या खेळाडूने स्वतःचा कच्चा दुवा स्वतःच उघडा ठेवला, ही या पोस्टमधली खरी जमेची बाजू आहे. पुढच्याला पकडायला काहीतरी टोक ठेवणे, हे रोलप्लेमधले सौजन्य समजावे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे मेटागेमिंग, म्हणजे खेळाडूला माहीत असलेली गोष्ट पात्राला माहीत असल्यासारखे वागणे. पारावर सूत्रधाराने सहज सांगितले की आग चौकीदाराने लावली आहे, आणि पुढच्या पोस्टमध्ये नायक थेट चौकीदाराची मान धरतो. पात्राने ती माहिती गावात मिळवलेली असावी: कोणाला तरी विचारून, काहीतरी पाहून किंवा चुकीच्या माणसाची मान आधी धरून.

भाषेविषयी आमचा नियम सैल आहे. कथन प्रमाण मराठीत आणि तृतीय पुरुषी असावे. संवाद पात्र ज्या बोलीत बोलेल त्या बोलीत. वऱ्हाडी संवाद केवळ हसवण्यासाठी वापरू नयेत. एका खेळाडूने नायक शुद्ध मराठीत आणि सगळे गावकरी वऱ्हाडीत बोलवले होते, तेव्हा पारावर त्याला योग्य शब्दांत समज मिळाली. पोस्ट चार ते बारा ओळींची असावी. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण पुढच्या खेळाडूने उत्तर लिहिल्यानंतर शुद्धलेखनापलीकडची कोणतीही दुरुस्ती करू नये, कारण त्याने ज्याला उत्तर दिले ते वाक्यच मग राहत नाही.

पाचवी पायरी : झुंज

झुंजीत पाळी ठरलेली असावी आणि एका पोस्टमध्ये एकच मोठी कृती असावी. समोरून आलेल्या तीन घावांपैकी किमान एक लागू द्यावा, असा आमचा संकेत आहे. जो प्रत्येक घाव चुकवतो त्याच्याशी कोणी दुसऱ्यांदा लढत नाही. घाव लागला की तो त्या प्रसंगापुरता नव्हे, खेळातल्या पुढच्या तीन दिवसांपर्यंत दुखला पाहिजे.

दोघांचे एकमत होत नसेल तर फासा टाकावा. टेलिग्रामवर फाशाची इमोजी एकटीच पाठवली की १ ते ६ पैकी एक अंक आपोआप पडतो आणि तो पाठवणाऱ्याच्या हातात नसतो, त्यामुळे संशयाला जागा राहत नाही. १ किंवा २ आल्यास प्रयत्न फसतो, ३ किंवा ४ आल्यास साधतो पण किंमत दुप्पट मोजावी लागते, ५ किंवा ६ आल्यास पूर्ण साधतो. मधला पर्याय सर्वांत उपयोगी आहे.

खलनायकालाही तोच अर्ज भरायला लावावा. वर आलेला ‘नवतपा’ हा आमचा सर्वांत टिकलेला खलनायक आहे. मे महिन्याच्या शेवटी सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावर जे नऊ दिवस आपल्याकडे नवतपा म्हणून भाजून काढतात, तेवढेच दिवस त्याची शक्ती पूर्ण असते. उरलेले वर्ष तो ठिणग्यांवर भागवतो आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की कुठेतरी दडून बसतो. त्याला मारण्यापेक्षा तो नऊ दिवस कसा थोपवायचा हाच प्रश्न असतो, म्हणून तो दरवर्षी परत येऊ शकतो. खलनायकाला आडनाव मात्र कधीही देऊ नये. आडनाव आले की जात आली, आणि मग पारावर जे सुरू होते ते कोणताही सूत्रधार आवरू शकत नाही.

सहावी पायरी : काय खेळायचे नाही

ही यादी खेळ सुरू होण्याआधी लेखी द्यावी आणि प्रत्येकाकडून होकार घ्यावा. लैंगिक प्रसंग आमच्या गटात नाहीत, कोणत्याही वयाच्या पात्रांमध्ये नाहीत. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, आणि आमच्या गटात अकरावी-बारावीची मुले खेळतात, हे कारण पुरेसे आहे. वयाने लहान खेळाडूशी मोठ्या खेळाडूने खासगी संदेशांत वेगळा खेळ सुरू करायचा नाही. खेळ सगळ्यांसमोर होतो. खरे नाव, गाव, शाळा आणि फोटो कोणी मागायचे नाहीत. कोणी फोटोवरून धमकावत असेल तर पारावर निवाडा करत बसू नये. सायबर गुन्ह्यासाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक गटाच्या माहितीत कायम लिहून ठेवावेत.

देव, संत, महापुरुष आणि हयात पुढारी यांना पात्र करू नये. कोलाम किंवा गोंड समाजातले पात्र लिहायचे असेल तर त्याला जंगलातला गूढ जादूगार करू नये. तोही तलाठी, नर्स किंवा ट्रॅक्टरचा ड्रायव्हर असू शकतो.

आपल्या भागाच्या काही जखमा ओल्या आहेत. शेतकऱ्याची आत्महत्या हा सुपरहिरोच्या उगमाची गोष्ट रंगवण्याचा मसाला नाही, आणि ऐन वेळी उडत येऊन हात धरणारा नायक लिहिणे तर त्याहून वाईट; ज्याच्या घरी कोणी वेळेवर आले नाही तो खेळाडू हे वाचत असतो. २०१७ च्या शेतीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन माणसे दगावली. एका सूत्रधाराने विषारी फवारा मारणारा खलनायक आणला, तेव्हा एक खेळाडू काही न बोलता गट सोडून गेला. तो सूत्रधार मीच होतो. कल्पना वाईट नव्हती, पण मी आधी विचारले नव्हते.

तेव्हापासून आम्ही ‘फुली’ची पद्धत ठेवली. २०१३ मध्ये जॉन स्टाव्रोपोलस यांनी टेबलावरच्या खेळांसाठी एक्स-कार्ड सुचवले होते, त्याचेच हे मराठी रूप. कोणीही पारावर ‘फुली’ एवढा एक शब्द लिहिला की चालू प्रसंग तेथेच थांबतो, गोष्ट पुढच्या सकाळवर जाते आणि कारण विचारले जात नाही. ‘काहून?’ असे विचारण्याचा मोह होतो, तो आवरायचा.

सातवी पायरी : गैरहजेरी, वाद आणि पात्राचा निरोप

आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि नवतप्यापर्यंत चालतो. पेरणीच्या दिवसांत कोणी पाळी चुकवली म्हणून रागावणारा सूत्रधार विदर्भात टिकणार नाही. एरवी ४८ तास उत्तर आले नाही तर पाळी पुढे जाते आणि त्या पात्राला सूत्रधार एखाद्या निरुपद्रवी कामाला लावतो. डीपी परीक्षेच्या महिन्यात कायम कुठल्या तरी खांबावर चढलेला असायचा.

वाद झाल्यास सूत्रधाराने दोन्ही पोस्ट वाचून एका दिवसात निर्णय द्यावा आणि तो त्या हंगामापुरता अंतिम मानावा. सूत्रधारच वादात असेल तर बाकीच्यांनी ठरवावे. पहिली चूक समजावून सांगावी, दुसऱ्या वेळी एक आठवडा पाळी बंद, तिसऱ्या वेळी निरोप. सहाव्या पायरीतल्या गोष्टींना मात्र पहिली संधीही नाही.

पात्राचा मृत्यू फक्त त्याच्या खेळाडूच्या संमतीने व्हावा. बहुतेकांना मृत्यूपेक्षा निवृत्ती आवडते. डीपीच्या खेळाडूला गेल्या वर्षी नोकरी लागली आणि तो नागपूरला गेला, तेव्हा त्याने शेवटच्या पोस्टमध्ये सगळी शक्ती एकदाच ओढून घेतली आणि गावाचा डीपी कायमचा विझवला. आता ते पात्र गावात साधा लाइनमन म्हणून आहे. कोणीही आपल्या पोस्टमध्ये त्याला खांबावर चढताना किंवा टपरीवर चहा पिताना दाखवू शकतो, मात्र त्याच्या तोंडी एक वाक्य घालायचे असेल तर आधी त्याच्या जुन्या खेळाडूला पारावर विचारावे लागते, आणि तो रात्री ड्यूटीवरून आला की उत्तर देतो.